चुरगळलेली चिठ्ठी
डोरीन लॉरेन्स आणि लंडनच्या पोलिसांची एकोणीस वर्षे

६ मे १९९३. आग्नेय लंडनमध्ये एक बैठक सुरू होती. टेबलाच्या एका बाजूला मेट्रोपॉलिटन पोलीस दलातील एक वरिष्ठ अधिकारी, दुसऱ्या बाजूला डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स हे दांपत्य. त्यांच्या अठरा वर्षांच्या मुलाचा, स्टीफनचा, खून होऊन चौदा दिवस झाले होते. या चौदा दिवसांत ओळखीचे आणि अनोळखी लोक घरी येऊन, फोन करून काही नावे सांगत होते. डोरीन यांनी ती नावे एका कागदावर लिहून आणली होती. त्यांनी तो कागद अधिकाऱ्याच्या हातात दिला. बोलता बोलता अधिकाऱ्याने त्याची घडी घातली, मग घडीवर घडी घातली, आणि शेवटी त्याच्या बोटांत कागदाची एक लहानशी गोळी उरली. डोरीन यांनी विचारले, आता हा कागद टोपलीत टाकणार का?

नाही, आम्ही येणारी प्रत्येक माहिती तपासतो, असे उत्तर त्यांना मिळाले.

हा प्रसंग दंतकथा नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या न्यायिक चौकशीच्या अहवालात तो नोंदलेला आहे, आणि अधिकाऱ्याचे ते वागणे असंवेदनशील होते असा ठपकाही आहे. सर विल्यम मॅकफर्सन या निवृत्त न्यायाधीशांचा हा अहवाल सत्तेचाळीस प्रकरणांचा आहे. कायद्याचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या माणसालाही तो नेटाने वाचता येतो. मी तो वाचला तो टिपणे काढत. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या साऱ्या प्रकरणात कागदाला फार मोठे स्थान आहे. जो लिहिला पण जपला नाही तो कागद, जो लिहायला हवा होता पण लिहिलाच नाही तो कागद, आणि जो नंतर मुद्दाम नष्ट केला तो कागद. डोरीन लॉरेन्स यांचा लढा मुलाच्या मारेकऱ्यांना शिक्षा व्हावी यासाठी होता, हे तर खरेच. पण काय घडले हे कागदावर कोण लिहिणार आणि कोणत्या शब्दांत लिहिणार, यासाठीही तो होता. या लेखात त्या दुसऱ्या लढ्याचा माग घ्यायचा आहे.

बसथांब्यावरची रात्र

डोरीन यांचा जन्म १९५२ चा, जमैका बेटावरच्या क्लॅरेंडन परगण्यातला. नवव्या वर्षी त्या इंग्लंडला आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने आपल्या वसाहतींतून कामगार बोलावले, त्या लाटेतलीच ही कुटुंबे. १९७२ मध्ये नेव्हिल यांच्याशी लग्न झाले. नेव्हिल रंगकाम आणि गिलाव्याची कामे करीत. स्टीफन हा थोरला मुलगा, सप्टेंबर १९७४ चा. त्याच्या पाठचा स्टुअर्ट आणि धाकटी जॉर्जिना. स्टीफनला वास्तुविशारद व्हायचे होते. १९९३ मध्ये तो बारावीच्या तोडीचा अभ्यास करीत होता, आणि चाळिशीतल्या डोरीन स्वतः ग्रिनिच विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत होत्या. चार पैसे बाजूला टाकत पुढच्या पिढीला एक पायरी वर चढवू पाहणारे हे घर होते.

२२ एप्रिल १९९३ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास स्टीफन आणि त्याचा मित्र ड्वेन ब्रुक्स एल्टम भागातील वेल हॉल रोडवर घरी जाणाऱ्या बसची वाट पाहत होते. रस्त्याच्या पलीकडून पाच-सहा गोऱ्या तरुणांचे टोळके आले. त्यातल्या एकाने कृष्णवर्णीयांना दिली जाणारी ती जुनी शिवी हासडली आणि सगळे स्टीफनवर धावून गेले. काही सेकंदांचाच प्रकार. चाकूचे दोन खोल वार बसले होते, तरी स्टीफन उठून ड्वेनच्या मागे शंभर-सव्वाशे यार्ड धावला आणि मग पदपथावर कोसळला. तो पुन्हा उठला नाही.

प्रार्थनासभेहून परतणारे एक जोडपे गाडी थांबवून त्याच्याजवळ आले. त्यातला नवरा पोलीस होता, पण कामावर नव्हता. नंतर कामावरचे पोलीस पोहोचले. चौकशीत दिसून आले की त्यांच्यापैकी कोणी स्टीफनच्या जखमा नीट पाहिल्या नाहीत, प्रथमोपचार केले नाहीत. मित्राला डोळ्यांदेखत पडलेला पाहून भेदरलेल्या, संतापलेल्या ड्वेनकडे त्यांनी हल्ल्यातून वाचलेला साक्षीदार म्हणून पाहिले नाही. तो काहीतरी भांडण करून आला असावा, अशा नजरेने त्याला प्रश्न विचारले गेले.

एल्टममधला हा पहिला खून नव्हता. जुलै १९९२ मध्ये त्याच भागात रोहित दुग्गल या सोळा वर्षांच्या मुलाला भोसकून मारले होते. त्याआधी फेब्रुवारी १९९१ मध्ये जवळच्या थेम्समीडमध्ये पंधरा वर्षांचा रोलन ॲडम्स बसची वाट पाहत असताना मारला गेला. शेजारच्या वेलिंग भागात ब्रिटिश नॅशनल पार्टी या वर्णद्वेषी पक्षाचे पुस्तकाचे दुकान म्हणवणारे ठाणे उघडपणे चालू होते. स्टीफनचे मरण अचानक होते, पण त्या रस्त्यांवर राहणाऱ्या कृष्णवर्णीय आणि आशियाई घरांना ते अनपेक्षित नव्हते.

चौदा दिवस

खुनानंतर चोवीस तासांच्या आत एक माणूस पोलीस ठाण्यात आला आणि संशयितांची नावे सांगून गेला. दुसऱ्या दिवशी टेलिफोनच्या खोक्यात निनावी पत्र सापडले, त्यातही तीच नावे. आणखी एक चिठ्ठी पोलिसांच्या गाडीच्या काचेवर खोचलेली मिळाली. वस्तीला ठाऊक होते. पोलिसांनाही ठाऊक झाले होते.

तरी अटक झाली नाही. चार दिवसांनी संशयितांच्या घरांवर पाळत ठेवण्यात आली. पाळतीवरच्या छायाचित्रकाराने एका घरातून काळ्या पिशवीत काहीतरी भरून नेताना पाहिले, पण वरिष्ठांना तातडीने कळवण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. पिशवी गेली. तपासाचे नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्याने पाच वर्षांनी चौकशीसमोर जे सांगितले ते वाचताना विश्वास बसत नाही. वाजवी संशय असेल तर अटक करता येते, त्याआधी पक्का पुरावा हाती असावाच लागतो असे नाही, हे फौजदारी कायद्यातले प्राथमिक तत्त्व त्याच्या ध्यानात नव्हते.

६ मे रोजी आणखी एक घटना घडली. नेल्सन मंडेला तेव्हा लंडनमध्ये होते. ते लॉरेन्स दांपत्याला भेटले आणि बाहेर येऊन वार्ताहरांशी बोलले. वर्णभेदी राजवटीविरुद्ध झुंजणारा माणूस लंडनच्या एका खुनाची तुलना आपल्या देशाशी करतो, ही बातमी जगभर गेली. दुसऱ्या दिवशी, ७ मे रोजी, अटका सुरू झाल्या. या दोन गोष्टींचा संबंध किती, यावर वाद घालता येईल. पण मुलगा गेल्यावर आपल्याला न्याय हवा असेल तर परदेशातून थोर पाहुणा यावा लागतो, अशी भावना आईच्या मनात घर करून राहिली तर तिला दोष देता येणार नाही.

त्याच ७ मेच्या झडतीत पोलिसांनी काही कपडे जप्त केले. त्यात एक राखाडी जाकीट होते आणि एक जीन्स होती. खुणेच्या पिशव्यांत घालून ती मुद्देमालाच्या कोठारात ठेवली गेली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

जुलै अखेरीस सरकारी अभियोग विभागाने, म्हणजे क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिसने, दोन आरोपींवरचे आरोप मागे घेतले. ड्वेनने केलेली ओळख पुरेशी भरवशाची नाही, असे कारण दिले गेले. त्या उन्हाळ्यात स्टीफनचा देह जमैकाला नेऊन क्लॅरेंडनच्या मातीत पुरण्यात आला. लंडनमध्ये त्याची कबर सुरक्षित राहणार नाही, अशी घरच्यांची धास्ती होती. ती खोटी नव्हती. वेल हॉल रोडवर, तो जिथे पडला तिथे बसवलेल्या स्मृतिशिलेची पुढे अनेकदा विटंबना झाली.

आईने चालवलेला खटला

इंग्लंडच्या कायद्यात एक जुनी वाट आहे. सरकार खटला चालवत नसेल तर नागरिकाला खासगी फौजदारी खटला उभा करता येतो. खुनासारख्या गुन्ह्यात ही वाट क्वचितच कोणी धरतो, कारण त्यासाठी सरकारी कायदेसाह्य मिळत नाही. लॉरेन्स कुटुंबाने ती धरली. वकील होते इम्रान खान, तेव्हा व्यवसायात अगदी नवखे आणि मूळचे दक्षिण आशियाई कुटुंबातले. त्यांच्यासोबत मायकेल मॅन्सफिल्ड हे नामांकित बॅरिस्टर होते.

पाच संशयितांपैकी दोघे प्राथमिक सुनावणीतच सुटले. उरलेल्या तिघांवर एप्रिल १९९६ मध्ये ओल्ड बेलीच्या न्यायालयात खटला उभा राहिला. ड्वेनने केलेली ओळख पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. त्यानंतर खटल्यात उरले काय? ज्यूरीला निर्दोष ठरवण्याचाच आदेश देण्यात आला. तिघे सुटले.

केवळ एका खटल्याचा निकाल म्हणून याकडे पाहता येत नाही. इंग्लिश कायद्यात शतकानुशतके एक नियम होता, की एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. आपल्याकडे हाच नियम २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० मध्ये आला, तो याच परंपरेतून. मात्र भारतात निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारला वरच्या न्यायालयात अपील करता येते. इंग्लंडमध्ये ज्यूरीने दिलेल्या निर्दोष निकालावर अपीलही नव्हते. त्यामुळे १९९६ च्या त्या दिवशी तीन माणसांसाठी स्टीफन लॉरेन्सच्या खुनाचे प्रकरण कायमचे संपले. पुढे त्यांनी चौकात उभे राहून कबुली दिली असती तरी खुनासाठी त्यांना पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आणता आले नसते.

लॉरेन्स दांपत्याने खटला भरायला घाई केली, असे तेव्हा काही जण म्हणाले, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. पुरावा अपुरा होता. पण दुसरे कोणीच खटला भरायला तयार नव्हते, हेही तितकेच खरे. १९९३ च्या शरद ऋतूत पोलीस दलाने स्वतःच्या तपासाचा एक अंतर्गत आढावा घेतला होता, आणि तपास समाधानकारक चालला आहे असा निष्कर्ष काढला होता. तो आढावा मॅकफर्सन यांनी पुढे पार मोडीत काढला. १९९६ मध्ये मात्र तो पोलिसांच्या हातातला ढालीसारखा कागद होता.

वृत्तपत्राचा मथळा

फेब्रुवारी १९९७ मध्ये कॉरोनरसमोर मृत्यूची चौकशी पुरी झाली. जुन्या मुंबईकरांना कॉरोनर हा शब्द ओळखीचा असेल. ब्रिटिश अमदानीपासून मुंबईतही कॉरोनरचे न्यायालय होते. पाचही तरुणांना तिथे बोलावले गेले आणि पाचही जणांनी, स्वतःला गोवणारे उत्तर न देण्याच्या हक्काचा आधार घेत, साध्या साध्या प्रश्नांनाही उत्तर द्यायचे नाकारले. ज्यूरीने अर्ध्या तासात निर्णय दिला. पाच गोऱ्या तरुणांनी कोणतीही कुरापत नसताना केलेल्या वर्णद्वेषी हल्ल्यात स्टीफनचा बेकायदा वध झाला, असे त्या सामान्य नागरिकांनी लिहून दिले. वर्णद्वेषी हा शब्द अधिकृत कागदावर असा ठळकपणे उमटला.

दुसऱ्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने पाचही जणांची छायाचित्रे पहिल्या पानावर छापली, वर त्यांना खुनी म्हटले आणि आम्ही चुकत असू तर आमच्यावर दावा लावा असे आव्हान दिले. कोणी दावा लावला नाही. हे वृत्तपत्र स्थलांतरितांच्या बाजूचे म्हणून कधीच ओळखले जात नव्हते. पण त्याचे संपादक पॉल डेकर यांच्या घरी काही वर्षांपूर्वी नेव्हिल लॉरेन्स यांनी गिलाव्याचे काम केले होते. नेव्हिल कसे कष्टाळू आणि सरळ गृहस्थ आहेत हे संपादकांना प्रत्यक्ष माहीत होते. या योगायोगाचा उल्लेख अनेकदा कौतुकाने होतो. मला तो वाचताना अस्वस्थ व्हायला होते. ज्या बापाने संपादकाच्या भिंती लिंपलेल्या नसतात त्याने कोणाकडे जायचे?

शब्दाची लढाई

मे १९९७ मध्ये सत्तांतर झाले. नवे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी जुलैमध्ये न्यायिक चौकशी जाहीर केली. मॅकफर्सन यांच्यासोबत तीन सल्लागार होते. त्यात युगांडात जन्मलेले बिशप जॉन सेंटामू होते. १९९८ मध्ये लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागातील एका कार्यालयी इमारतीत सुनावण्या झाल्या. साउथॉलच्या मॉनिटरिंग ग्रुपचे सुरेश ग्रोव्हर कुटुंबाच्या मोहिमेत काम करीत होते. साउथॉलच्या पंजाबी वस्तीने १९७६ मध्ये गुरदीप सिंग चग्गर या तरुणाचा खून पाहिला होता. जमैकन आणि भारतीय वंशाच्या वस्त्यांमधले हे नाते त्या अनुभवातून जुळलेले होते.

सुनावण्यांत एक प्रश्न वारंवार आला. हा खून वर्णद्वेषातून झाला का? काही पोलीस अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितले की त्यांना तसे वाटत नव्हते. ते गुंड होते, कोणालाही मारले असते, असा त्यांचा सूर होता. शिवी ऐकली होती, साक्षीदार हजर होता, तरी नोंद करणाऱ्याच्या मनात तो शब्द उमटत नव्हता. आणि नोंद करणाऱ्याच्या मनात जे उमटत नाही त्याच्या दिशेने तपास जात नाही. आपल्याकडेही ज्याने कधी पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली जावी म्हणून तासन्‌तास घालवले आहेत, त्याला तक्रार सांगणे आणि तक्रार नोंदली जाणे यांतले अंतर वेगळे समजावून सांगायला नको.

२४ फेब्रुवारी १९९९ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. तपास फसला त्याची तीन कारणे त्यात दिली आहेत : कामातली अकार्यक्षमता, संस्थात्मक वर्णद्वेष आणि वरिष्ठांच्या नेतृत्वाचे अपयश. यातली ‘संस्थात्मक वर्णद्वेष’ ही संज्ञा मॅकफर्सन यांची नव्हे. अमेरिकेत स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये ‘ब्लॅक पॉवर’ या पुस्तकात ती मांडली. तीस वर्षांपूर्वीच्या बंडखोर चळवळीची ती संज्ञा एका निवृत्त इंग्लिश न्यायाधीशाने सरकारी अहवालात आणली. तिचा अर्थ असा, की दलातला प्रत्येक शिपाई मनातून वर्णद्वेषी आहे असे नाही. पण संस्थेच्या पद्धती, सवयी, गृहीतके आणि बेफिकिरी यांची बेरीज अशी होते की, रंगामुळे वा वंशामुळे काही लोकांना योग्य सेवा मिळतच नाही. हेतू नसला तरी परिणाम तोच राहतो.

अहवालात सत्तर शिफारशी आहेत. त्यातल्या दोन मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली दिसायला अगदी साधी आहे. ज्याच्यावर हल्ला झाला त्याला, किंवा दुसऱ्या कोणालाही, एखादी घटना वर्णद्वेषी वाटली, तर पोलिसांनी ती वर्णद्वेषी घटना म्हणून नोंदवावी. याने आरोप सिद्ध होत नाही, ते काम न्यायालयाचेच. पण पहिल्या कागदावर कोणता शब्द लिहायचा, हे ठरवण्याचा अधिकार टेबलापलीकडच्या माणसाकडून अलीकडच्या माणसाकडे आला. चुरगळलेल्या चिठ्ठीला मिळालेले हे खरे उत्तर होते. २००० साली कायद्यात दुरुस्ती होऊन पोलिसांसह सार्वजनिक संस्थांवर वंशभेद टाळण्याचे बंधन आले, तेही याच अहवालामुळे.

दुसरी शिफारस अडतिसावी. नवा आणि सबळ पुरावा मिळाल्यास निर्दोष सुटलेल्या माणसावर पुन्हा खटला चालवण्याची परवानगी अपील न्यायालयाला देता यावी, याचा विचार व्हावा असे त्यात म्हटले होते.

दुसरी आई

या शिफारशीचे श्रेय बहुतेक वेळा केवळ लॉरेन्स प्रकरणाला दिले जाते. इतिहास लिहिणाऱ्याने इथे थोडे थांबले पाहिजे, कारण या वाटेवर आणखी एक आई चालत होती. उत्तर इंग्लंडमधील बिलिंगहॅम गावात १९८९ मध्ये ज्युली हॉग ही तरुणी नाहीशी झाली. पोलिसांनी घराची झडती घेतली, काही मिळाले नाही. सुमारे ऐंशी दिवसांनी तिची आई ॲन मिंग यांना त्याच घरात, न्हाणीच्या टबाच्या फळीमागे, मुलीचा मृतदेह सापडला. बिली डनलॉप या माणसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि तो निर्दोष सुटला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला, तेव्हा कायद्याला त्याला फक्त खोट्या साक्षीसाठी तुरुंगात टाकता आले. ॲन मिंग यांनी कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षे खेटे घातले.

या प्रकरणात वंशाचा प्रश्न नव्हता. तरी दोन्ही आयांना अडवणारी भिंत एकच होती. २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याने गंभीर गुन्ह्यांपुरती ती भिंत फोडली. एप्रिल २००५ पासून ही तरतूद अमलात आली. तिच्याखाली पहिली शिक्षा २००६ मध्ये डनलॉपला झाली. एका बाईचा आवाज खासदाराच्या कचेरीत दबून गेला असता. मॅकफर्सन यांच्या अहवालाने त्या मागणीला सरकारी वजन दिले आणि ॲन मिंग यांच्या हट्टाने ती धसास लागली.

नियम मोडल्याची खंत वाटणारे कायदेपंडित तेव्हाही होते आणि आजही आहेत. सरकारने एकाच माणसाला पुन्हा पुन्हा न्यायालयात खेचू नये म्हणून तो नियम होता आणि त्या भीतीत अर्थ आहे. म्हणूनच नव्या कायद्यात दुसरा खटला एकदाच, अपील न्यायालयाच्या परवानगीने, आणि नव्या सबळ पुराव्यावरच होऊ शकतो. हा बदल सूडाच्या लाटेत झाला, असे म्हणणाऱ्यांनी या अटी वाचाव्यात.

जाकिटाच्या कॉलरवरचा ठिपका

आता कोठारातल्या त्या जाकिटाकडे वळू. २००६ नंतर एका स्वतंत्र प्रयोगशाळेने जुन्या मुद्देमालाची नव्याने तपासणी केली. राखाडी जाकिटाच्या कॉलरवर रक्ताचा एक ठिपका मिळाला. लांबी अर्धा मिलिमीटर, रुंदी पाव मिलिमीटर. धाग्यात मुरलेला होता, म्हणजे रक्त ओले असतानाच तिथे पडले होते. डीएनए तपासणीनुसार ते स्टीफनखेरीज दुसऱ्या कोणाचे असण्याची शक्यता शंभर कोटींत एकाहून कमी होती. स्टीफनच्या कपड्यांचे तंतूही मिळाले. जीन्सच्या पिशवीत दोन मिलिमीटर लांबीचा केस सापडला.

जाकीट होते गॅरी डॉब्सनचे, १९९६ मध्ये निर्दोष सुटलेल्या तिघांपैकी एकाचे. मे २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती सुटका रद्द केली. जीन्स डेव्हिड नॉरिसची होती. नोव्हेंबरमध्ये ओल्ड बेलीत खटला उभा राहिला. मुद्देमाल वर्षानुवर्षे हाताळला गेल्याने रक्त आणि तंतू एका पिशवीतून दुसरीत गेले असतील, असा बचाव झाला. ज्यूरीने तो मानला नाही. ३ जानेवारी २०१२ रोजी दोघे दोषी ठरले. गुन्ह्याच्या वेळी दोघेही अठराच्या आतले असल्याने जन्मठेपेतली किमान मुदत त्या हिशेबाने ठरली : डॉब्सनला पंधरा वर्षे दोन महिने आणि नॉरिसला चौदा वर्षे तीन महिने.

न्यायालयाबाहेर डोरीन लॉरेन्स यांनी सांगितले की हा आनंद साजरा करण्याचा दिवस नाही. आपला मुलगा मातीखाली आहे, आणि पोलिसांनी आपले काम नीट केले असते तर हा दिवस कितीतरी आधी आला असता. त्यांचे म्हणणे भावनेच्या भरातले नव्हते, हिशेबाचे होते. जाकीट १९९३ पासून पोलिसांच्याच ताब्यात होते. १९९३ मध्ये तो ठिपका वाचण्याचे तंत्र नव्हते, हे मान्य करू. पण अटक चौदा दिवस लांबली नसती तर ठिपक्याच्या जागी डाग मिळाला असता का, काळ्या पिशवीतून काय गेले, या प्रश्नांची उत्तरे त्या चौदा दिवसांबरोबरच गेली.

मधल्या काळात या घराचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. डोरीन आणि नेव्हिल यांचा घटस्फोट १९९९ मध्ये, अहवालाच्याच वर्षी झाला. ड्वेन ब्रुक्सवर खुनानंतरच्या एका निदर्शनातील दंगलीबद्दल गुन्हा दाखल झाला होता. प्रक्रियेचा दुरुपयोग म्हणून न्यायाधीशांनी तो खटला थांबवला. लढ्याचा इतिहास लिहिताना माणसे पुतळ्यांसारखी उभी दिसतात. घरात मात्र पाठची दोन मुले भावाशिवाय आणि बराच काळ आईवडिलांच्या लक्षाशिवाय वाढत होती.

यंत्रात गेलेले कागद

प्रकरण इथे संपायला हवे होते. जून २०१३ मध्ये पीटर फ्रान्सिस या माजी गुप्त पोलिसाने उघड केले की, १९९३ नंतर त्याला वेशांतर करून चळवळींत घुसवले होते आणि लॉरेन्स कुटुंबाची बदनामी करता येईल असे काही सापडते का, हे शोधायला सांगितले होते. पोलीस मारेकऱ्यांची माहिती गोळा करण्यात कमी पडत होते त्याच काळात, मुलगा गमावलेल्या आईबापांभोवतीची माहिती गोळा होत होती. मार्च २०१४ मध्ये ज्येष्ठ वकील मार्क एलिसन यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालाने हेरगिरीच्या आरोपाला पुष्टी दिली. मूळ तपासातील भ्रष्टाचाराच्या संशयाशी संबंधित असू शकणारी कागदपत्रे २००३ मध्ये मोठ्या प्रमाणात कातरयंत्रात घालून नष्ट केल्याचेही त्यातून पुढे आले. गुप्त पोलिसांच्या कारवायांची न्यायिक चौकशी त्यातूनच सुरू झाली.

या हेरगिरीच्या जाळ्यात एक भारतीय वंशाची आईही होती. सुखदेव रील यांचा वीस वर्षांचा मुलगा लखविंदर, ज्याला सारे रिकी म्हणत, ऑक्टोबर १९९७ मध्ये किंग्स्टन येथे मित्रांबरोबर असताना दोन गोऱ्या तरुणांनी त्यांच्यावर वर्णद्वेषी हल्ला केला. त्यानंतर तो दिसेनासा झाला आणि आठवड्याभराने थेम्स नदीत त्याचा मृतदेह मिळाला. अपघात, असे पोलिसांचे म्हणणे. कॉरोनरच्या ज्यूरीने अपघात हा शब्द स्वीकारला नाही, मृत्यूचे कारण अनिर्णित ठेवले. उत्तरे मागणाऱ्या सुखदेव यांच्याबद्दलही गुप्त पोलिसांच्या दप्तरात नोंदी होत्या, हे त्यांना सतरा वर्षांनी कळले. त्यांच्याकडे आजही निकाल नाही.

२०१३ मध्ये डोरीन यांना उमरावपद मिळाले. वरिष्ठ सभागृहात बसताना त्यांनी घेतलेल्या किताबात क्लॅरेंडन हे नाव आहे, त्यांचे जन्मस्थान आणि स्टीफनच्या कबरीचे गाव. स्टीफनच्या नावाने १९९८ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाने साधारण परिस्थितीतल्या मुलांना वास्तुशास्त्र शिकता यावे म्हणून साह्य केले. २०१९ पासून २२ एप्रिल हा ब्रिटनमध्ये स्टीफन लॉरेन्स दिन म्हणून पाळला जातो.

पण हल्लेखोर पाच-सहा होते आणि शिक्षा दोघांनाच झाली. २०२० मध्ये पोलिसांनी तपास स्थगित केला. २०२३ मध्ये बीबीसीने सहाव्या संशयिताचे नाव जाहीर केले, तेव्हा तो मरून दोन वर्षे झाली होती. त्याच वर्षी लुईस केसी यांच्या अहवालाने मेट्रोपॉलिटन पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष आहे असे पुन्हा लिहिले. आयुक्तांनी उणिवा मान्य केल्या, पण ‘संस्थात्मक’ हा शब्द वापरायला नकार दिला. २०२५ मध्ये नॉरिसने आपण त्या रात्री तिथे होतो हे मान्य केल्याचे पॅरोलच्या प्रक्रियेतून समोर आले. बत्तीस वर्षांनी.

म्हणजे डोरीन लॉरेन्स यांनी कायदा बदलला, नोंद करण्याची रीत बदलली, एक शब्द सरकारी भाषेत आणला, आणि तरी तो शब्द उच्चारायला दलप्रमुखाची जीभ चौथाई शतकानंतरही वळली नाही. ज्याला हे अपयश वाटेल त्याने एवढे ध्यानात घ्यावे, की तो शब्द टाळायचा तर आता आयुक्तांना सर्वांसमोर टाळावा लागतो आणि का टाळला याचे कारण द्यावे लागते. १९९३ मध्ये कागदाची गोळी करताना अधिकाऱ्याला कोणालाच कारण द्यायचे नव्हते. समोर बसलेल्या बाईने त्याच क्षणी प्रश्न विचारला आणि पुढे तो प्रश्न, अधिकाऱ्याच्या उत्तरासकट, अहवालात लिहून घ्यायला लावला. म्हणून तर ती चिठ्ठी आज आपल्याला ठाऊक आहे.